टिनटिनचं काय चुकलं ते समीक्षकांना सापडलंच नाही

स्टीव्हन स्पीलबर्गचा टिनटिन येऊन बरीच वर्षं झाली (२०११ चा पिक्चर, बेल्जियन कॉमिक पुस्तकांमधल्या टिनटिन या तरुण पत्रकारावरचा), पण अजूनही कुठे विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. "पुस्तकातली मजा नाही राव त्यात", आणि लगेच दुसरं, "ते चेहरे कसेतरीच वाटतात, डोळ्यांत जीवच नाही". ज्यांनी पिक्चर पाहिलेलाच नाही तेसुद्धा हे छातीठोकपणे सांगतात. ही वाक्यं तेव्हाच्या परीक्षणांमधून सुटून आलीयेत आणि या तोंडून त्या तोंडी जात जात आता पक्कं मत होऊन बसलीयेत. मलाही तो पिक्चर पूर्ण पटलेला नाही, पण ज्या कारणांसाठी त्याला झोडपलं ती कारणं त्याहून कमी पटतात, आणि ॲनिमेशनपटांबद्दल आपण बोलतो कसे याचा सगळा घोळ त्या एका पिक्चरच्या स्वागतात दिसतो म्हणून हे लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. १९८१ मधे इंडियाना जोन्सचा पहिला पिक्चर आला तेव्हा एका फ्रेंच परीक्षणात त्याची टिनटिनशी तुलना केलेली होती, स्पीलबर्गला तोवर टिनटिन कोण हेही माहीत नव्हतं. त्याने पुस्तकं मिळवली, वाचली, आवडली. टिनटिनची पुस्तकं काढणारा बेल्जियन चित्रकार एर्जे १९८३ च्या मार्चमधे गेला, त्यानंतर हक्क घेऊन झाले, मग ते सोडले, २००२ च्या सुमारास परत घेतले. पुढे दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि न्यूझीलंडची वेटा ही ग्राफिक्सची कंपनी आली आणि ठरलं की खरी माणसं घेऊन शूट करायचं नाही, आणि कार्टूनसारखंही काढायचं नाही, मोशन कॅप्चर करायचं. म्हणजे नटाच्या अंगावर खुणा लावलेला सूट, डोक्यावर छोटा कॅमेरा, आणि त्याच्या हालचालींवर संगणकातला कॅप्टन हॅडॉक, टिनटिनचा दारुडा खलाशी मित्र, उभा करायचा. हॅडॉक झाला अँडी सर्किस, टिनटिन जेमी बेल. खर्च साधारण साडेतेरा कोटी डॉलर. भारतात तो ११ नोव्हेंबर २०११ ला लागला (त्याच दिवशी रॉकस्टारही लागला होता, त्यामुळे कुठला बघायचा यावरून घरोघरी भांडणं), आणि अमेरिकेत २१ डिसेंबरला. म्हणजे स्पीलबर्गचा पिक्चर आपण अमेरिकेच्या सव्वा महिना आधी पाहिला, असं सहसा होत नाही.

आता परीक्षणं. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर चारातल्या तिघा समीक्षकांना तो आवडलाय, अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी साडेतीन तारे दिले होते, तेव्हा "समीक्षकांनी आपटला" हे मुळात खरंच नाही. पण लक्षात राहिली ती लंडनची परीक्षणं. गार्डियनमधे एकाने लिहिलं की एर्जेने शाईच्या ठिपक्याएवढ्या डोळ्यांमधून जे दाखवलं ते संगणकांच्या फौजेला जमलं नाही. त्याच गार्डियनमधे दुसऱ्या एका लेखकाने पिक्चर बघून बाहेर पडताना आपल्याला बलात्कार पाहिल्यासारखं वाटलं असं लिहून टाकलं. एका कॉमिकवरच्या पिक्चरबद्दल! ही उपमा सुचणं आणि ती छापली जाणं या दोन्हीबद्दल वेगळं काही बोलायची गरज नाही. पण त्यातून एक कळतं की हा माणूस पिक्चरचं परीक्षण करतच नव्हता, आपल्या लहानपणाच्या वतीने फिर्याद दाखल करत होता.

पुस्तकाशी निष्ठेचा हा मुद्दा आधी घेऊ. पिक्चरमधे बदल भरपूर आहेत हे खरं. तीन पुस्तकं एकत्र केलीयेत. साखरीन हा पुस्तकात निरुपद्रवी, जहाजांची मॉडेल्स जमवणारा गृहस्थ, त्याला पिक्चरमधे थेट व्हिलन करून समुद्री चाचा रेड रॅकहमचा वंशज बनवलाय. पुस्तकातला बहिरा शास्त्रज्ञ प्रोफेसर कॅल्क्युलस गायब. गायिका कास्टाफिओरे या तीन पुस्तकांत कुठेच नाही, तिला आणून तिच्या आवाजाने काच फोडायला लावलीये. चाहत्यांनी यादी केली आणि यादीलाच समीक्षण समजले. पण मूळ म्हणजे कुठलं मूळ? एर्जेने स्वतः जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा काढली. द ब्लॅक आयलंड घ्या, त्याच्या ब्रिटिश प्रकाशकाने चित्रांमधल्या १३१ चुकांची यादी पाठवली आणि एर्जेच्या स्टुडिओने १९६० च्या दशकात अख्खं पुस्तक नव्याने काढलं. दुसऱ्या एका पुस्तकाच्या अमेरिकेतल्या आवृत्तीसाठी तिथल्या प्रकाशकांच्या आग्रहाने हॅडॉक बाटली तोंडाला लावतोय अशी चित्रं काढून टाकावी लागली. म्हणजे जे पवित्र मूळ म्हणून लंडनकर छाती पिटत होते ते त्यांच्याच शहरातल्या एका प्रकाशकाच्या यादीवरून बदललं गेलं होतं. आणि फ्रान्स-बेल्जियममधे, जिथे हा माणूस खरंच घरचा आहे, तिथलं स्वागत बरंच शांत होतं. ज्यांनी तो इंग्रजीतून वाचला तेच जास्त चिडले, आणि आपणही तो इंग्रजीतूनच वाचला म्हणून त्यांचा राग आपल्याला पटकन आपला वाटला.

आपल्याकडेही हे होतंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ मधे पडद्यावर आला तेव्हा तो अमेय वाघ होता, परीक्षेसाठी पुण्यात आलेला मोठा मुलगा, फुरसुंगीचा शाळकरी बन्या नव्हे. कुरकुर झाली, पण बहुतेकांनी तो एक वेगळा पिक्चर म्हणून बघितला, चाललाही. तेवढा समजूतदारपणा आपण टिनटिनला दाखवत नाही कारण तो "क्लासिक" आहे ना.

शिवाय स्पीलबर्गला ही भांडणं होणार हे माहीत होतंच. पिक्चरच्या अगदी सुरुवातीला जुन्या बाजारात एक रस्त्यावरचा चित्रकार टिनटिनचं चित्र काढतोय, तो चित्रकार हुबेहूब एर्जेसारखा दिसतो, आणि तो कागद वळवून दाखवतो तर त्यावर पुस्तकातला टिनटिन, ठिपक्याच्या डोळ्यांचा. मागे आधीची चित्रं टांगलेली, त्यात पुस्तकातले ओळखीचे चेहरे. टिनटिन बघतो आणि म्हणतो, वाईट नाही. समीक्षक जे पुढे हजार-हजार शब्दांत म्हणणार होते ते पिक्चरने पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच चेष्टेत म्हणून घेतलंय, की बाबांनो आम्ही ते नाही, आम्हाला माहितीये, आता पुढे बघा.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. हा जास्त गंभीर आहे कारण त्यात तथ्य आहे. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी याने १९७० मधे मांडलेली कल्पना, अनकॅनी व्हॅली, की कृत्रिम चेहरा माणसासारखा होत होत एका टप्प्यावर अचानक नकोसा वाटायला लागतो. पोलर एक्स्प्रेस (२००४) आल्यापासून मोशन कॅप्चरच्या प्रत्येक पिक्चरला हे बिल चिकटवलं गेलं. आणि टिनटिन यायच्या आधी काही महिने, २०११ च्या मार्चमधे, मार्स नीड्स मॉम्स नावाचा पिक्चर असा काही कोसळला (पंधरा कोटी डॉलर घातले, चार कोटीही परत आले नाहीत) की हे तंत्रच पनौती आहे असं वातावरण होतं. टिनटिनचं परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाच्या डोक्यात डोळ्यांचा परिच्छेद आधीच तयार होता. तीन वर्षांनी आपल्याकडे रजनीकांतचा कोचडयान आला तेव्हाही तेच, जो तो चेहऱ्यावर आणि कठपुतळीसारख्या चालण्यावर, गोष्टीबद्दल बोलायला फारसं कोणी थांबलंच नाही. तिथे निदान कारण होतं, काम खरोखर कच्चं होतं. टिनटिनमधे काम कच्चं नाहीये. हॅडॉकचा चेहरा बघा, फुगलेलं नाक, दाढीतून डोकावणारे ओठ, दारू संपल्यावर खाली लोंबणाऱ्या पापण्या, हा माणूस जिवंत आहे. टिनटिन मात्र खरंच गुळगुळीत आहे. पण पुस्तकातही तो गुळगुळीतच आहे की! कोऱ्या चेहऱ्याचा पोरगा, ना आईबाप ना आडनाव ना पगार. वाचक त्याच्यात शिरू शकतो ते त्या कोरेपणामुळे. त्या कोऱ्या चेहऱ्यावर कातडीची भोकं आणि नाकाची सावली आली की शिरायची जागा बुजते. हे तंत्राचं अपयश नाही, या एका पात्रासाठी ते तंत्र निवडणं चुकलं. हॅडॉकला जमलं आणि टिनटिनला का नाही, एवढा साधा प्रश्न विचारला असता तरी परीक्षण पुढे सरकलं असतं.

आणि स्नोई! त्या कुत्र्याच्या डोळ्यांबद्दल तक्रार केलेलं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही. सगळ्या पिक्चरमधे सगळ्यात चांगला अभिनय त्याचा आहे, सँडविच दिसलं की धन्याला विसरणं, हाडासाठी वाट वाकडी करणं, आणि कुठल्याही कुत्र्याला सूट घालून पळवलेलं नाही, तो ॲनिमेटरांनी आपल्या हाताने, फ्रेममागून फ्रेम, हलवलेला आहे. एकाच पिक्चरमधे एकाच स्टुडिओने दोन पद्धतींनी केलेली पात्रं शेजारी शेजारी धावताहेत, ॲनिमेशनवर लिहिणाऱ्याला याहून चांगली संधी कुठे मिळणार? पण बहुतेकांनी स्नोई गोड आहे म्हटलं आणि पुढे गेले.

इथे ऑस्करचं सांगायलाच पाहिजे. अकादमीने २०१० मधे नियमातच घातलं की नुसतं मोशन कॅप्चर हे ॲनिमेशनचं तंत्र धरलं जाणार नाही. २०१२ च्या जानेवारीत टिनटिनला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचा गोल्डन ग्लोब मिळाला, आणि लगेच ऑस्करची नामांकनं आली तर त्या गटातल्या पाचात त्याचं नावच नाही. फक्त जॉन विल्यम्सच्या संगीताला नामांकन. ऑस्कर घेऊन गेला रँगो. रँगो मला प्रचंड आवडतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही, पण त्याच्या वेळी जॉनी डेपपासून सगळ्यांना टोप्या-बंदुका देऊन सेटवर वावरायला लावलं होतं, ते शूट केलं होतं, आणि ते बघून ॲनिमेटरांनी पात्रं हलवली. डिस्नेने स्नो व्हाइटसाठी १९३० च्या दशकात मार्ज चॅम्पियन या नर्तकीला नाचवून फिल्मवर घेतलं होतं आणि ते पुढ्यात ठेवून चित्रं काढली होती. त्या पिक्चरसाठी अकादमीने डिस्नेला एक मोठा आणि सात छोटे असे ऑस्करचे पुतळे दिले. म्हणजे नटाकडे बघून काढलं तर कला आणि नटाच्या अंगावर खूण लावून काढलं तर नाही, ही रेघ नेमकी कुठे मारायची? मी म्हणत नाही की रेघ नकोच. ॲनिमेटरांची भीती खरी आहे, सर्किससारखे नट मुलाखती देतात, श्रेय घेतात, आणि त्यांच्या हालचालींचा कच्चा डेटा महिनोन्‌महिने साफ करणारा, बोटं आणि ओठ परत बसवणारा माणूस शेवटच्या नामावळीत सरकून जातो, तेवढ्यात प्रेक्षक पार्किंगमधे पोचलेला असतो. पण नियम करून त्या माणसाला काय मिळालं? त्याचं काम ॲनिमेशन नाही असं सर्टिफिकेट! आणि समीक्षकांनी या भांडणात काही उजेड पाडण्याऐवजी "हे नक्की ॲनिमेशन आहे का" एवढं विचारून सोडून दिलं.

बरं मग चुकलं काय. माझ्या मते चुकलं ते गोष्टीत, आणि तेही अगदी नेमक्या जागी.

एर्जेच्या खजिन्याच्या गोष्टीतला सगळ्यात भारी विनोद असा की ती मोहीम फसते. टिनटिन, हॅडॉक, कॅल्क्युलस आणि त्याची शार्कच्या आकाराची पाणबुडी, सगळे समुद्र ओलांडून जातात, बुडालेलं जहाज सापडतं, त्यात जुन्या दारूच्या बाटल्या सापडतात, बेटावर हॅडॉकचा पूर्वज सर फ्रान्सिस याचा पुतळा आणि त्याच्या शिव्या पिढ्यान्‌पिढ्या घोकणारे पोपट सापडतात, खजिना तेवढा सापडत नाही. हात हलवत परत. आणि मग तो घरीच निघतो, मार्लिनस्पाइक या पूर्वजाच्या हवेलीच्या तळघरात, एका पृथ्वीच्या गोळ्यात. अख्खं पुस्तक वाट बघणं, खोदणं, चुकणं, वैतागणं यावर उभं आहे, आणि ते वाचताना कंटाळा येत नाही कारण त्या रिकाम्या वेळात ही माणसं एकमेकांची होत जातात. कॅल्क्युलस आगंतुक म्हणून येतो आणि घरचा होतो ते तिथेच.

पिक्चरमधे हे सगळं कापलंय. खजिना तळघरातच मिळतो, पण आधी तो खोदायला कुठेही न जाता, न फसता, शेवटच्या दहा मिनिटांत. आणि उरलेला जास्तीचा खजिना समुद्रात आहे असं सांगून पुढच्या भागाची सोय केलीये, म्हणजे एर्जेचा विनोद बरोब्बर उलटा केलाय. त्याच्या जागी काय घातलं? खजिन्याचा पत्ता सांगणारे तिन्ही कागद साखरीनच्या हाती लागल्यावर टिनटिन खचून बसतो, आपण हरलो म्हणतो, आणि हॅडॉक त्याला भाषण देतो, लोक तुला हरलेला म्हणायला टपलेलेच असतात पण तू स्वतःला म्हणू नकोस, भिंत आडवी आली तर फोडून पुढे जा, वगैरे. कॅप्टन हॅडॉक! ज्याला स्वतःची बाटली सरळ धरता येत नाही तो मोटिव्हेशनल स्पीकर. पुस्तकात खरं अपयश आहे आणि भाषण नाही, पिक्चरमधे भाषण आहे आणि अपयश मिनिटभराचं, कारण भाषण संपतं न संपतं तोच टिनटिनला साखरीनच्या जहाजाचा माग काढायची युक्ती सुचते. हा बदल साखरीनला व्हिलन करण्यापेक्षा कितीतरी खोल आहे. चाहत्यांच्या यादीत तो अगदी खाली असतो, आणि डोळेवाल्या समीक्षकांच्या यादीत तर नसतोच.

पिक्चरमधल्या बघार या शहरातली पाठलागाची ती प्रसिद्ध शर्यत, मोटारसायकल, बहिरी ससाणा, फुटलेलं धरण, रणगाड्यामागे घसरत जाणारं अख्खं हॉटेल, आणि हे सगळं एकही कट न मारता, ती मी कधीही बघेन. कॅमेऱ्याला वजन नाही हा फायदा तिथे पुरेपूर घेतलाय. पण तिच्यानंतर लगेच परत धावाधाव, मग बंदरावर दोन क्रेनची तलवारबाजी, आणि १०७ मिनिटांत मधे कुठे टिनटिन नुसता बसून विचार करतोय असं फार थोडं. पत्रकार आहे तो, निदान एखादी टीप तरी लिहून घे बाबा!

मात्र एका जागी पिक्चर पुस्तकाच्या पुढे गेलाय. पुस्तकात हॅडॉक आपल्या पूर्वजाची लढाई टिनटिनला स्वतःच्या खोलीत सांगतो, डोक्यावर जुनी टोपी, हातात तलवार, मधेमधे घोट, शेवटी तोल जाऊन पूर्वजाच्या चित्रातूनच डोकं बाहेर काढतो. अप्रतिम पानं आहेत ती. पिक्चरने तेच सहारात नेलंय. दारू मिळालेली नाही, कॅप्टन शुद्धीवर येतोय, आणि शुद्धीवर येतोय म्हणून त्याला भास होतात, वाळूच्या टेकडीमागून लाटा उठतात, टेकडीच समुद्र होते आणि जहाज वाळू फोडून वर येतं. पुढे वादळात दोन जहाजांचे दोर एकमेकांत अडकतात आणि एक जहाज दुसऱ्याच्या डोक्यावरून झुलत जातं. खऱ्या नटांच्या पिक्चरमधे हे केलं असतं तर नट एकीकडे आणि ग्राफिक्स दुसरीकडे दिसले असते. इथे माणूस, वाळू, पाणी सगळं एकाच कापडातलं आहे, म्हणून एकातून दुसऱ्यात जाताना शिवण दिसत नाही. हे तंत्र कशासाठी घेतलं याचं उत्तर या दहा-बारा मिनिटांत आहे, आणि समीक्षकाचं काम ते दाखवून देणं होतं.

आपल्याकडच्या परीक्षणांबद्दल जास्त बोलायला नको. ॲनिमेशनपट म्हणजे मुलांना सुट्टीत कुठे न्यायचं या प्रश्नाचं उत्तर, बालगोपाळांना आवडेल, मोठेही कंटाळणार नाहीत, तीन तारे. दिग्दर्शकाचं नाव असतं, आवाज कोणी दिला ते असतं, ॲनिमेशन कोणत्या स्टुडिओने केलं हेही अनेकदा नसतं. मग हाताने काढलेलं कुठलं आणि मोशन कॅप्चर कुठलं, रेषेने काय केलं आणि रंगाने काय केलं, हे येणार कुठून? खऱ्या नटांच्या पिक्चरचं परीक्षण छायाचित्रणाबद्दल एक ओळ न लिहिता छापलं तर आपण हसू. इथे मात्र चालून जातं, आणि मग आपलेच ॲनिमेशन स्टुडिओ परदेशी पिक्चरांची कामं वर्षानुवर्षं करत राहतात आणि ती कामं चांगली की वाईट हे सांगू शकेल असा वाचक आपण तयार करत नाही.

टिनटिनने जगभरात सदतीस कोटी डॉलरच्या वर कमावले, पण अमेरिका-कॅनडातून त्यातले जेमतेम पावणेआठ, आणि बहुतेक त्यामुळेच पीटर जॅक्सन करणार होता तो दुसरा भाग रखडला तो रखडलाच. कधी झालाच तर डोळे आता सुधारलेले असतील, ते काम संगणक करतील. मला कॅल्क्युलस हवाय, ऐकू न येणारा, आपल्याच तंद्रीतला, आणि बोटीवरचे ते दिवस हवेत जेव्हा कोणालाच काही सापडत नाही आणि हॅडॉक रोज सकाळी नव्याने चिडतो, आणि भाषण एकही नको.